यादीत नसलेली ओळ

हॅरोतल्या एका घरात लग्नाच्या याद्या चालल्या होत्या. मुलगी इथेच जन्मलेली. मुलगा निफाड तालुक्यातला, नोकरीच्या व्हिसावर आलेला, रेडिंगला आणखी दोघांबरोबर भाड्याच्या घरात राहणारा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं आणि घरच्यांनी मनापासून होकार दिला होता. मुलाची आई निफाडहून व्हिडिओ कॉलवर होती. हॉल ठरला, गुरुजी ठरले. मुंडावळ्या दादरहून आणायच्या की नाशिकहून, रुखवतात काय मांडायचं, पंगतीत जिलबी की श्रीखंड, सगळं मुलीच्या वडिलांनी वहीत उतरवलं. मुहूर्त ऑगस्टमधला होता आणि एप्रिल नुकताच लागला होता.

मुलीची आत्या लेस्टरहून आली होती. ती इतका वेळ गप्प होती. भावाने वही मिटली तशी म्हणाली, "नोटीस कधी देताय?"

"कसली नोटीस, ताई?"

"लग्नाची. रजिस्ट्रारकडे."

"होईल ना ते. आधी चारचौघांत अक्षता पडू देत, मग निवांत रजिस्टर करू. कागद काय, कधीही करता येतो."

भारतात वाढलेल्या माणसाला या उत्तरात काही वावगं वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. १९५५चा हिंदू विवाह कायदा रूढीप्रमाणे झालेले विधी मानतो. त्यांत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना विवाहनोंदणी सक्तीची करायला सांगितलं, पण नोंदणी राहिली एवढ्यावरून तिथे कुणाचं लग्न खोटं ठरत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये तसं नाही. इथला कायदा विधी कोणता झाला हे पाहत नाही. तो कुठे झाला, कुणासमोर झाला आणि त्याआधी नोटीस दिली होती का, हे पाहतो. याची मुळं १७५३ पर्यंत जातात. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास तेव्हा कुणीही पाद्री पैसे घेऊन गुपचूप लग्नं लावून देत असे. मुली फसवल्या जात, एकाच पुरुषाची दोन-दोन लग्नं उघडकीला येत. ते थांबवायला लॉर्ड हार्डविक यांनी कायदा आणला की लग्न गावच्या चर्चमध्येच, जाहीर पुकारा करून किंवा रीतसर परवाना घेऊनच लागेल; ज्यू आणि क्वेकर तेवढे वगळले. १८३६ मध्ये सरकारी नोंदणी कचेऱ्यांची वाट उघडली आणि इतर पंथांच्या प्रार्थनास्थळांना लग्नासाठी नोंदणी करून घेता येऊ लागली. आजचा मुख्य कायदा १९४९ सालचा आहे आणि त्याचा सांगाडा तोच आहे. म्हणून हॉटेलच्या हॉलमध्ये गुरुजींनी लावलेलं लग्न, त्याला पाचशे माणसं हजर असली तरी, कायद्याच्या दृष्टीने लग्न नसतं. सरहद्दीपलीकडे स्कॉटलंडमध्ये १९७७च्या कायद्याने परवानगी जागेला न देता लग्न लावणाऱ्या व्यक्तीला दिली. तिथे अधिकार मिळालेले गुरुजी बागेतही कायदेशीर लग्न लावू शकतात, फक्त आधी नोटीस लागते. एकाच देशात दोन रीती आहेत, आणि यातलं काहीही पत्रिकेवर छापलेलं नसतं.

आत्याने हे काही सांगितलं नाही. तिने स्वतःचं सांगितलं.

तिचं लग्न १९७६ चं, लेस्टरमधलं. युगांडातून ईदी अमीनने हाकललेली गुजराती कुटुंबं तिथे येऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्यातलेच एक शास्त्री गुरुजी म्हणून मिळाले. शाळेचा हॉल भाड्याने घेतला. मंगलाष्टकं आत्याच्या मैत्रिणींनी मराठीत म्हटली. नवरा होजियरीच्या कारखान्यात कामाला होता. पुढच्या आठवड्यात रजिस्टर करू असं ठरलं. पुढच्या आठवड्यात त्याला रात्रपाळी लागली, मग घर बदललं, मग विषय मागे पडला. पुढे डॉक्टरकडे, बँकेत, कौन्सिलच्या कराच्या बिलावर, मतदारयादीत ती त्याची बायको म्हणून होती. एवढ्या वर्षांत कुणी दाखला मागितला नाही, तेव्हा दाखला नाही याची आठवणही उरली नाही.

२०११ मध्ये नवरा हृदयविकाराने गेला. मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्र नव्हतं. घर त्याच्या एकट्याच्या नावावर होतं. जोडीदार गेल्यावर सरकारकडून त्या काळी २,००० पौंडांची एकरकमी मदत मिळे; तिचा अर्ज भरताना पहिल्यांदा दाखला मागितला गेला.

"समोरची बाई फार नम्र होती," आत्या म्हणाली. "पाणी दिलं, टिश्यू दिले. आणि विचारलं, लग्न लागलं तेव्हा त्या हॉलला परवानगी नव्हती हे तुम्हाला माहीत होतं का? माझा माणूस जाऊन तीन आठवडे झाले होते. मी घरून अल्बम घेऊन गेले. अंतरपाटाचा फोटो, कानपिळीचा फोटो. ती एकेक पान बघत होती आणि मला कळत होतं की यातलं काही चालणार नाहीये."

घराचं त्याहून अवघड. इथे मृत्युपत्र न करता माणूस गेला तर वारस कायदा ठरवतो, आणि वीस-तीस वर्षं एकत्र राहिल्याने आपोआप बायकोचा हक्क मिळतो हा समज, तो कितीही पसरलेला असला, तरी चुकीचा आहे. बायको नाही, मूल नाही, आईवडील हयात नाहीत, तर मालमत्ता भावंडांकडे जाते. म्हणजे आत्याच्या घराचा वारस कोरेगावला राहणारा तिचा दीर.

सॉलिसिटरने तिला दोन वाटा सांगितल्या. १९७५च्या एका कायद्याने, मृत माणसाबरोबर संसार केलेल्या जोडीदाराला इस्टेटीतून निर्वाहासाठी न्यायालयात मागणी करता येते. पण तिथे ती बायको म्हणून नव्हे, एकत्र राहणारी म्हणून उभी राहणार. दुसरी वाट एका शीख विधवेने मोकळी केली होती. तिचं लग्न १९५६ मध्ये लंडनच्या गुरुद्वारात लागलं. तो गुरुद्वारा विवाहांसाठी नोंदलेला नव्हता हे तिला ठाऊकच नव्हतं. नवऱ्याने आयुष्यभर विवाहित पुरुष म्हणून कर भरला, विम्याचे हप्ते भरले. १९९४ मध्ये तो गेला आणि तिला सांगण्यात आलं की तू त्याची विधवा नाहीस. ती लढली. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की सदतीस वर्षं जे नवरा-बायको म्हणून राहिले आणि ज्यांना सगळ्यांनी तसंच मानलं, त्यांचं लग्न वैध असल्याचं गृहीत धरलं जाईल. आत्याच्या वकिलाने हाच निकाल पुढे केला. पत्रिका, अल्बम, शास्त्रींच्या मुलाचं प्रतिज्ञापत्र, शेजारणींची पत्रं, सगळं जोडलं. कोरेगावच्या दिराला कागद पाठवला. त्याने आलेल्या दिवशीच सही केली आणि फोन करून म्हणाला, "वहिनी, घर तुमचंच आहे, मला यात विचारायचंही कारण नव्हतं."

"त्याचं नाव मी आजही हात जोडून घेते," आत्या म्हणाली. "पण त्याचा कागद परत येईपर्यंत मी रोज रात्री त्या घरात झोपायचे आणि मनात यायचं की हे घर एका माणसाच्या चांगुलपणावर उभं आहे. तो चांगला निघाला. दुसरा कुणी असता तर?"

हॅरोच्या त्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. भावाला इतकी वर्षं फक्त एवढंच माहीत होतं की ताईच्या कागदपत्रांचा काहीतरी घोळ आहे. त्याने विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं.

मुलगा मनाने सरळ होता. तो म्हणाला, "पण आत्या, मी काही हिला सोडून जाणार नाही."

"माझाही सोडून गेला नव्हता रे."

मला हे उत्तर फार महत्त्वाचं वाटतं, कारण "कागद कशाला" असं विचारणाऱ्याच्या मनात नेहमी वाईट माणसाचं चित्र असतं. वाईट माणसं असतातच. १९९८ मध्ये साउथॉलमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये एका जोडप्याचा निकाह झाला. सरकारी नोंदणी नंतर करायची असं ठरलं होतं. पत्नी मागे लागत राहिली, पण नोंदणी कधीच झाली नाही. मुलं झाली, संसार झाला, आणि मोडला तेव्हा ती घटस्फोट मागायला गेली. १४ फेब्रुवारी २०२० रोजी अपील न्यायालयाने निकाल दिला की हे रद्दबातल ठरवता येईल असं लग्नसुद्धा नाही. कायद्याच्या लेखी ते मुळात झालंच नाही. रद्दबातल लग्नातल्या पत्नीलाही निदान पोटगी आणि मालमत्तेतला वाटा मागता येतो. हिला तेही दार बंद. तिने विश्वास ठेवला होता, एवढंच तिचं चुकलं. पण आत्याच्या गोष्टीत कुणीच वाईट नाही. नवरा प्रेमळ, दीर देवमाणूस, कचेरीतली बाई नम्र. तरीही पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला आपण कोण हे सिद्ध करावं लागलं. दोघं धडधाकट असतात, एकमेकांविषयी बोलू शकतात, तोवर दाखल्याचं काम पडत नाही. एकाची वाचा बंद झाली की दुसऱ्याचं म्हणणं खरं मानायला कुणीतरी तिसरं लागतं, आणि ते तिसरं माणूस परकं असतं.

मुलीच्या वडिलांना पटलं होतं, पण एक अडचण राहिली. नोंदणी आधी केली तर सही झाली त्या दिवशीच लग्न झालं म्हणायचं. मग ऑगस्टमधल्या मुहूर्ताचं काय? विहीणबाईंना हे कसं चालेल? सगळे पडद्याकडे बघू लागले.

निफाडच्या बाई म्हणाल्या, "आत्याबाई, मी सांगू का? मी लग्न होऊन आले त्याच्या मागेपुढेच शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती आली. जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावावर करा म्हणून गावात बैठका व्हायच्या. ह्यांनी उठून सांगितलं, दोन एकर हिच्या नावावर करतो. तेव्हा आमच्या सासूबाई रडल्या. लोक म्हणाले, घरातल्या घरात कागद कशाला, बायको काय परकी आहे? ह्यांनी ऐकलं नाही. पुढे हे गेले. भाऊबंदकीत बाकीच्या रानाचा दावा लागला, तो अजून चालू आहे. माझ्या दोन एकरांच्या उताऱ्यावर माझं नाव होतं, तिथे कुणी पाऊल टाकलं नाही. त्या द्राक्षांवर हा इंजिनिअर झाला. तुम्ही सही आधी करा का अक्षता आधी टाका, माझं काही म्हणणं नाही. पोरीचं नाव कागदावर येऊ द्या."

वडिलांनी वही पुन्हा उघडली.

पुढचं काम कुणाला वाटेल तितकं कठीण नव्हतं, पण वाटलं होतं तितकं सोपंही नव्हतं. मुलगी ब्रिटिश, मुलगा व्हिसावर. अशा जोडप्याला ठरवून दिलेल्या नोंदणी कचेरीत एकत्रच जावं लागतं. त्याआधी निदान सात दिवस इथे राहिलेलं असावं लागतं. पासपोर्ट, फोटो, व्हिसाचा शेअर कोड, पत्त्याचा पुरावा. पहिलं लग्न झालेलं असेल तर ते संपल्याचा मूळ कागद. तो मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर. या दोघांचं अडलं ते पत्त्यावर. रेडिंगच्या घराचं विजेचं बिल दुसऱ्याच्या नावावर होतं. बँकेचं स्टेटमेंट महिन्याच्या आतलं लागतं, याचं पाच आठवड्यांपूर्वीचं निघालं. पहिली भेट वाया गेली, पुढची तारीख एप्रिलअखेरची मिळाली. तेवढ्यात मुलाने बँकेत जाऊन नवं स्टेटमेंट शिक्का मारून आणलं आणि घरमालकाकडून भाडेकराराची प्रत घेतली.

त्या भेटीत प्रत्येकाला वेगळं बोलावलं गेलं. मुलगी आत गेली, दार बंद झालं. समोरच्या बाईने तिला होणाऱ्या नवऱ्याची जन्मतारीख विचारली, त्याचं काम विचारलं, दोघांची भेट कशी झाली हे विचारलं. मग विचारलं, तुम्ही हे लग्न स्वतःच्या इच्छेने करताय ना?

मुलगी बाहेर आली ती गप्पच होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्यांनी मला विचारलंत, पण सगळे बसलेले असताना. मला एकटीला, दार लावून, आज पहिल्यांदा कुणी विचारलं. माझं उत्तर तेच होतं. पण ज्या मुलीचं वेगळं असेल, तिला ते सांगायला ही एवढीच जागा आहे."

त्या बापाला हे लागलं असेल, पण त्याने ऐकून घेतलं. इंग्लंडमध्ये जबरदस्तीने लग्न लावणं २०१४ पासून गुन्हा आहे आणि फेब्रुवारी २०२३ पासून अठरा वर्षांखालच्या कुणाचंही लग्न लावता येत नाही. त्या कायद्यांचं बळ या खोलीतल्या दहा मिनिटांत असतं. नोटीस ही नुसती पैसे भरून पावती घेण्याची पायरी समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. मांडवात मुलीभोवती मामा असतो, करवली असते, कॅमेरेवाला असतो. तिथे नाही म्हणायला फार मोठं काळीज लागतं.

नोटीस लागली. दोघांची नावं, व्यवसाय, राष्ट्रीयत्व कचेरीत जाहीर झालं. एरवी अठ्ठावीस दिवसांनी लग्न लावता येतं. पण जोडप्यात कुणी व्हिसावर असेल तर नोटीस गृहखात्याकडे जाते, आणि त्यांना चौकशी करायची असेल तर मुदत सत्तर दिवसांची होते. २०१५ पासून ही रीत आहे. यांना सत्तर दिवसांचं पत्र आलं.

मुलगा दुखावला. "आमच्यावर संशय घेतात," तो लेस्टरला फोनवर म्हणाला.

"घेऊ देत," आत्या म्हणाली. "आज तू आहेस, ती आहे, दोघं तोंडाने उत्तर देऊ शकता. काय विचारायचं ते आत्ता विचारू देत. मला विचारलं तेव्हा उत्तर द्यायला मी एकटी होते."

सत्तर दिवस जुलैच्या सुरुवातीला संपले. याद्यांच्या दिवशी ठरल्याप्रमाणे 'निवांत' गेले असते तर ऑगस्ट उलटून गेला असता, आणि मग कामं, सुट्ट्या, घरबदल यांतून पुढची तारीख कधी निघाली असती कोण जाणे.

जुलैच्या एका सकाळी दोन्हीकडची मोजकी माणसं नोंदणी कचेरीत जमली. साक्षीदार दोन लागतात: एक मुलाचा रेडिंगचा मित्र, दुसरी आत्या. समारंभाआधी रजिस्ट्रारने मसुदा दोघांसमोर ठेवला आणि एकेक ओळ तपासायला सांगितली. १८३७ मध्ये नोंदणी सुरू झाल्यापासून इथल्या विवाहाच्या नोंदीत फक्त बापाचं नाव आणि व्यवसाय लिहिला जाई. ४ मे २०२१ पासून आईचंही नाव आणि व्यवसाय येतो. (आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लिहिणं महाराष्ट्राने सक्तीचं केलं, दोन्हीकडे उशीर झाला, पण झालं हे चांगलं.)

मुलाच्या आईच्या व्यवसायापुढे गृहिणी असं होतं. नोटीस देताना मुलानेच तसं सांगितलं होतं, सवयीने.

मुलगी थांबली. "हे चुकलंय," ती म्हणाली. "त्या शेती करतात. दोन एकर त्यांच्या नावावर आहे."

मुलाने तिच्याकडे बघितलं, मग रजिस्ट्रारकडे. "हो," तो म्हणाला, "माझी आई शेतकरी आहे." दुरुस्ती झाली, नवीन प्रत निघाली. कायद्याने लागणारी दोन वाक्यं दोघांनी म्हटली, हार घातले, सह्या केल्या. आत्याने चष्मा लावून आपलं पूर्ण नाव लिहिलं. दाखल्याच्या तीन प्रती सांगितल्या, प्रत्येकी साडेबारा पौंड: एक मुलाच्या व्हिसाच्या फायलीसाठी, एक घरात, एक निफाडला.

बाहेर फोटो चालू असताना आत्याने मुलीला बाजूला घेतलं. "तू नोकरीला लागलीस तेव्हा मृत्युपत्र केलं होतंस ना? ते आज रद्द झालं. इथे लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र उरत नाही. मी मंगळवारी माझ्या सॉलिसिटरची वेळ घेतली आहे, तुम्हा दोघांसाठी."

"ताई, अगं आज तरी!" भाऊ म्हणाला.

"आत्या, किती वाजता?" मुलगी म्हणाली.

"साडेअकरा. दोघांचे पासपोर्ट आणा."